दूरच्या, निर्जन प्रवासासाठी ट्रकची डिझेल टाकी निवडताना

पुढचा पंप शेकडो किलोमीटर दूर असलेल्या मुलखात ट्रक न्यायचा, तर कंपनीने दिलेली टाकी पुरत नाही, हे उघड आहे. मात्र तिच्या जागी किंवा तिच्या जोडीला काय बसवायचे हे ठरवताना किती लिटर मावतात याइतकेच महत्त्व आणखी तीन गोष्टींना द्यावे लागते: ते वजन कोणत्या ॲक्सलवर पडते, चढावर टाकीतले डिझेल ते ओढणाऱ्या नळीपर्यंत पोहोचते का, आणि खराब डिझेल भरले गेलेच तर ते इंजिनाच्या आधी कुठे अडते. माझ्या निवडीत सर्वाधिक विचार या शेवटच्या प्रश्नाने घेतला आणि अखेरचा निर्णयही त्यानेच झाला, म्हणून तो सारा क्रम सविस्तर लिहीत आहे.

माझा ट्रक दोन ॲक्सलचा, चारही चाकांना ओढ देणारा आणि डिझेलवर चालणारा आहे. चासीवर मागे राहण्यासाठी बंदिस्त खोली बांधलेली आहे आणि दोन्ही ॲक्सलमधले अंतर ३.६ मीटर आहे. मूळ टाकी १०० लिटरची. चांगल्या डांबरी रस्त्यावर हा ट्रक लिटरला सहा किलोमीटर जातो, खडीच्या रस्त्यावर पाच, आणि वाळूत किंवा चिखलात, जेव्हा टायरमधली हवा कमी करून खालच्या गिअरमध्ये तासन्‌तास चालवावे लागते, तेव्हा तीनच्या थोडे वर. मोठ्या टाकीचा हिशेब डांबरावरच्या ॲव्हरेजने करणे सर्वांत धोक्याचे आहे, कारण ज्या भागात पंप नसतात त्याच भागात डांबरही नसते.

म्हणून मी नऊशे किलोमीटरचा एक टप्पा समोर धरला, ज्यात सुरुवातीचे पाचशे किलोमीटर खडीचे आणि पुढचे चारशे वाळूचे असतील. खडीला १०० लिटर आणि वाळूला, लिटरमागे ३.२ किलोमीटर या दराने, १२५ लिटर, म्हणजे २२५ लिटर होतात. पण सहाशेव्या किलोमीटरवर वाट बंद आढळली, नदीला पाणी आलेले असले किंवा दरड कोसळलेली असली, तर आलेल्या वाटेने परत फिरावे लागते, आणि मग तोच हिशेब २६२ लिटरवर जातो. पार जाण्यापेक्षा परत येणे महाग पडू शकते, ही गोष्ट नकाशावर सरळ रेघ ओढून अंतर मोजताना सुचत नाही. थंडीत चालणारा डिझेल हीटर, वाट शोधताना उभ्या ट्रकचे चालू राहिलेले इंजिन आणि चुकलेली वळणे यांसाठी त्यावर साधारण पंधरा टक्के धरले आणि आकडा ३०० लिटर ठरवला.

हे ३०० लिटर वापरता येण्याजोगे हवेत. टाकीच्या तळाशी थोडे डिझेल नळीच्या खालीच राहते आणि वरची जागा प्रसरणासाठी मोकळी सोडावी लागते. डिझेलचे आकारमान दर अंश सेल्सियसला सुमारे ०.०८ टक्के वाढते. जमिनीखालच्या टाकीतले थंड डिझेल काठोकाठ भरून ट्रक उन्हात उभा केला आणि तापमान २५ अंशांनी चढले, तर २४० लिटरच्या टाकीत जवळजवळ पाच लिटर वाढतात आणि त्यांना वाट हवी असते. तळ आणि माथा मिळून दहा टक्के सोडले की एकूण क्षमता साधारण ३३० लिटर लागते.

इतके डिझेल नेण्याचे मार्ग मोजकेच आहेत. पहिला मार्ग वीस वीस लिटरच्या कॅनचा, आणि तो मी लवकरच बाजूला ठेवला. दहा-बारा कॅन आत ठेवले तर राहण्याच्या खोलीत वास आणि वाफ येते, टपावर ठेवले तर पावणेदोनशे-दोनशे किलो वजन सर्वांत उंच जागी जाते आणि आडव्या उतारावर ट्रक कलंडण्याची भीती वाढते, शिवाय प्रत्येक कॅन वाऱ्यात आणि धुळीत उघडून ओतावा लागतो. एखादा रिकामा कॅन जवळ असावा हे मला मान्य आहे, पण सगळी मदार कॅनवर ठेवणे मला योग्य वाटले नाही.

दुसरा मार्ग मूळ टाकी काढून तिच्या जागी ३३०–३५० लिटरची एकच मोठी टाकी बसवण्याचा. तो सरळ आहे, पाईप कमी लागतात, बिघडण्यासारखे फारसे काही नसते, आणि चांगल्या प्रतीचे डिझेल खात्रीने मिळत असेल तर मीही तोच सुचवेन. तिसरा मार्ग चासीच्या दोन्ही बाजूंना दोन टाक्या ठेवून व्हॉल्व्हने कधी हिच्यातून तर कधी तिच्यातून ओढण्याचा. येथे एक बाब बारकाईने पाहावी लागते. डिझेल इंजिन जितके ओढते तितके सगळे जाळत नाही. उरलेले, तापलेले डिझेल रिटर्न लाईनने टाकीत परत येते. व्हॉल्व्हने फक्त ओढण्याची बाजू बदलली आणि रिटर्न मात्र जुन्याच टाकीत जात राहिले, तर एक टाकी रिकामी होत जाते आणि दुसरी भरून ब्रीदरमधून, म्हणजे टाकीत हवा आत-बाहेर जाण्याच्या नळीतून, रस्त्यावर वाहू लागते. म्हणून ओढणे आणि परतणे दोन्ही एकाच वेळी बदलणारा सहा तोंडांचा व्हॉल्व्ह लागतो, आणि तो बिघडला तर बिघाड थेट इंजिनाच्या रस्त्यावर होतो. दोन टाक्या तळाशी एका पाईपने जोडून पातळी समान ठेवण्याची पद्धतही आहे, पण तो पाईप ट्रकच्या पोटाखाली सर्वांत खालून जातो आणि एका दगडाने तुटला तर दोन्ही टाक्या एकदम रित्या होतात.

मी निवडला तो चौथा मार्ग. मूळ १०० लिटरची टाकी, तिचे पाईप, तिचा गेज (डिझेलची पातळी दाखवणारा काटा) आणि इंजिनाशी असलेले तिचे नाते जसेच्या तसे ठेवायचे, आणि दुसऱ्या बाजूला २४० लिटरची नवी टाकी बसवून तिच्यातले डिझेल लहान विद्युत पंपाने, वॉटर सेपरेटर (डिझेलमधले पाणी वेगळे करणारा भाग) असलेल्या फिल्टरमधून, मूळ टाकीत सोडायचे. निर्जन भागात डिझेल कुठल्या पिंपातून, कोणत्या हातपंपाने आणि किती दिवसांपूर्वीचे मिळेल हे आपल्या हाती नसते. आजच्या कॉमन रेल इंजिनात, म्हणजे सर्व इंजेक्टरना एकाच उच्च दाबाच्या नळीतून डिझेल देणाऱ्या इंजिनात, इंजेक्शनचा दाब दीड ते अडीच हजार बारपर्यंत (एक बार म्हणजे साधारण हवेच्या दाबाइतका) असतो आणि इंजेक्शन पंपाच्या व डिझेल फवारणाऱ्या इंजेक्टरच्या भागांमधल्या फटी काही मायक्रॉनच्या असतात, त्यामुळे पाण्याचे थेंब आणि बारीक कचरा त्यांना सोसत नाही. एकाच मोठ्या टाकीत २०० लिटर चांगले डिझेल असताना त्यात १०० लिटर संशयास्पद डिझेल ओतले, तर तिन्हीशे लिटर संशयास्पद होतात. माझ्या मांडणीत बाहेरून आलेले प्रत्येक लिटर आधी मोठ्या टाकीत थांबते, निवळते, गाळले जाते, आणि मगच इंजिनाच्या टाकीत पोहोचते. फिल्टर तुंबला तरी तो ट्रक उभा असताना, माझ्या सवडीने तुंबतो, चढावर इंजिन बंद पाडून तुंबत नाही. आणि मूळ टाकी मी नेहमी वरपर्यंत भरलेली ठेवत असल्यामुळे, मोठी टाकी फुटली किंवा तिच्यातले डिझेल टाकून द्यावे लागले, तरी खडीच्या रस्त्यावर जवळपास पाचशे किलोमीटर जाण्याइतके स्वच्छ डिझेल हाताशी उरते.

या मांडणीचा एक कच्चा दुवा आहे आणि तो म्हणजे पंप. तो बंद पडला तर २४० लिटर डिझेल जवळ असूनही उपयोगाचे नाही. म्हणून त्याच मार्गावर हाताने दाबण्याचा पंप समांतर जोडून घेतला. विद्युत पंप मुद्दाम हळू, मिनिटाला दोन लिटरच्या आसपास देणारा घेतला, कारण प्रवाह संथ असला की सेपरेटरमध्ये पाणी नीट वेगळे होते. मूळ टाकी भरल्यावर पंप आपोआप थांबावा यासाठी वरच्या पातळीवर फ्लोट स्विच (तरंगत्या गोळ्यावर चालणारा) आणि त्यावर भरवसा टाकायला नको म्हणून टायमर, असे दोन्ही बसवले. पंप बंद असताना डिझेल स्वतःहून इकडून तिकडे झिरपू नये म्हणून नॉन-रिटर्न व्हॉल्व्हही आवश्यक ठरतो.

जागा ठरवताना कागद-पेन्सिल घेऊन बसावे लागले. डिझेलचे एक लिटर साधारण ०.८४ किलो भरते, म्हणजे २४० लिटरचे २०० किलो, आणि टाकी, ब्रॅकेट, पट्टे व खालचा संरक्षक पत्रा धरून २४० किलोची भर. मागच्या ॲक्सलच्या मागे, जिथे रिकामी जागा सहज सापडते, तिथे टाकीचा मध्य ॲक्सलपासून ०.९ मीटर मागे येत होता. तरफेच्या साध्या नियमाने २४० ला ४.५ ने गुणून ३.६ ने भागले की मागच्या ॲक्सलवर ३०० किलो वाढतात, म्हणजे टाकीच्या वजनापेक्षा ६० किलो जास्त, आणि तेच ६० किलो पुढच्या ॲक्सलवरून उचलले जातात. वाळूत आणि चढावर पुढच्या चाकांची पकड कमी होणे मला परवडणारे नव्हते. हीच टाकी दोन्ही ॲक्सलच्या मध्ये, मागच्या ॲक्सलपासून १.२ मीटर पुढे धरली, तर मागे १६० आणि पुढे ८० किलो येतात. हे कळल्यावर मधली जागा रिकामी करण्यासाठी औजारांची पेटी मागे हलवली, कारण ती हलकी आहे. ट्रक सर्व सामानासह वजनकाट्यावर नेऊन आधी पुढची आणि मग मागची चाके वेगवेगळी तोलली. ॲक्सलची आणि टायरची मर्यादा एकूण वजनाच्या मर्यादेइतकीच बंधनकारक असते. एकूण वजन मर्यादेत असूनही एखादा ॲक्सल मर्यादेबाहेर असू शकतो. डाव्या-उजव्या बाजूचा तोल राखण्यासाठी पिण्याच्या पाण्याची टाकी आणि बॅटऱ्या विरुद्ध बाजूला घेतल्या.

टाकीचा आकार १०० सेंटिमीटर लांब, ५५ रुंद आणि ४५ उंच ठरला, आणि लांबी ट्रकच्या दिशेने आली. वीस अंशांच्या चढावर या एक मीटर लांबीत डिझेलच्या पातळीत दोन टोकांमध्ये ३६ सेंटिमीटरचा फरक पडतो. नळी पुढच्या टोकाला असेल, तर टाकीत सुमारे शंभर लिटर डिझेल असतानाच ते टोक कोरडे पडू लागते आणि पंप हवा ओढतो. नळी मधोमध असेल, तर ती वेळ पंचवीस लिटरवर येते. टाकी बनवून घेताना नळी कोणत्या जागी आहे हे न विचारता फक्त लिटर विचारणारे बरेच जण मी पाहिले आहेत, म्हणून हे आकडे मुद्दाम देत आहे.

अर्धी भरलेली टाकी पूर्ण भरलेल्या टाकीपेक्षा वेल्डिंगला अधिक छळते, कारण एकशेवीस लिटर डिझेल प्रत्येक ब्रेकला पुढच्या पत्र्यावर आदळते. त्यासाठी आत दोन आडपडदे घालून टाकीचे तीन कप्पे केले. पडद्यांचे खालचे कोपरे कापलेले असावेत म्हणजे डिझेल आणि तळाचे पाणी तळाशी मधोमध ठेवलेल्या खळग्यापर्यंत वाहत येते, आणि वरचे कोपरेही कापलेले असावेत म्हणजे भरताना एखाद्या कप्प्यात हवा कोंडत नाही. ज्या मिस्त्रींनी टाकी बनवली, त्यांनी पडदे कडेला अखंड वेल्ड न करता तुटक टाके देण्याचा आणि पडद्यांच्या कडा दुमडण्याचा आग्रह धरला, आणि हादऱ्यांमध्ये पत्रा कुठून चिरतो याविषयी त्यांची समज माझ्यापेक्षा खूपच खोल होती.

पत्र्याच्या निवडीत साधे पोलाद, स्टेनलेस आणि ॲल्युमिनियम असे तीन पर्याय होते. या मापाच्या खोक्याला जवळजवळ अडीच चौरस मीटर पत्रा लागतो. तो पोलादाचा ३ मिलिमीटर जाडीचा घेतला तर ५९ किलो, आणि ॲल्युमिनियमचा ४ मिलिमीटरचा घेतला तर २७ किलो भरतो. वजनापेक्षा मला गंजाची काळजी अधिक होती, कारण अर्धवट भरलेल्या टाकीत रात्रीच्या थंडीने आतल्या हवेतली वाफ पत्र्यावर धरते आणि साध्या पोलादाच्या माथ्याला आतून गंज चढतो. गंज टाळण्यासाठी आतून जस्ताचा मुलामा देण्याची सूचना आली होती, ती मी स्पष्ट नाकारली, कारण जस्त डिझेलमधल्या आम्लांशी संयोग पावून साबणासारखे पदार्थ तयार करते आणि ते फिल्टर व इंजेक्टरमध्ये जमतात. तांबेही डिझेलचे ऑक्सिडेशन वाढवते, म्हणून तांब्याच्या नळ्याही वगळल्या. शेवटी ५०८३ या मिश्रधातूचा ॲल्युमिनियम पत्रा घेतला. त्याचे वेल्डिंग दूरच्या गावात होईलच असे नाही, पण डिझेलची वाफ धरलेली टाकी वाटेत वेल्ड करायला मी कोणत्याही धातूची असली तरी देणार नाही. त्या प्रसंगासाठी डिझेलला टिकणारी इपॉक्सी पुटी बरोबर असते.

ॲल्युमिनियमला सर्वाधिक धोका बाहेरून, पट्ट्यांखाली असतो. ट्रकची चासी खडबडीत रस्त्यावर पिळवटते, त्यामुळे टाकी बोल्टने घट्ट आवळून बांधली तर चासीचा पीळ पत्र्यात उतरतो. ती पाळण्यासारख्या ब्रॅकेटमध्ये ठेवून स्टेनलेसच्या पट्ट्यांनी बांधावी लागते आणि मध्ये रबर द्यावे लागते. ते रबर पाणी शोषणारे असेल, तर त्याच्याखाली मीठ आणि ओल साचून ॲल्युमिनियम भोके पडेपर्यंत खाल्ले जाते. म्हणून घट्ट, न शोषणारे रबर घेतले आणि ते घसरणार नाही अशा बेताने पट्ट्याला चिकटवले. खालच्या संरक्षक पत्र्याला आणि टाकीला एकमेकांपासून बोटभर दूर ठेवले आणि पत्र्याला मोठी भोके पाडली, म्हणजे चिखल पाण्याच्या फवाऱ्याने धुऊन काढता येतो. सायलेन्सरच्या बाजूला उष्णतारोधक पत्रा आला आणि चाकांना ओढ पोहोचवणाऱ्या फिरत्या प्रॉपेलर शाफ्टपासून पुरेसे अंतर राखले.

टाकी तयार झाल्यावर तिची गळती तपासताना मिस्त्रींनी हवेचा दाब ०.२ बारच्या वर जाऊ दिला नाही. इतका कमी दाब कशाला, असे कुणालाही वाटेल, पण एक मीटर गुणिले पंचावन्न सेंटिमीटरच्या तळावर तेवढ्या दाबानेही एक टनाहून जास्त जोर पडतो, आणि कॉम्प्रेसरचा पूर्ण दाब सोडला तर टाकी फुगून फाटते. प्रत्येक शिवणीवर ब्रशने साबणाचे पाणी फिरवले. भरण्याच्या नळीच्या बुडाशी, जिथे गोल नळी सपाट पत्र्याला मिळते, तिथे मोहरीएवढे बुडबुडे एकामागून एक येत राहिले. तेवढा भाग घासून पुन्हा वेल्ड केला आणि सगळी तपासणी नव्याने केली.

गेजवर मी पूर्ण विसंबत नाही. टाकी बसवल्यावर ट्रक सपाट जागी उभा करून, मापाच्या कॅनने वीस वीस लिटर डिझेल ओतत गेलो आणि प्रत्येक वेळी ॲल्युमिनियमची मोजपट्टी बुडवून ओल्या रेघेवर करवतीने बारीक खूण केली. सरळ खोक्याच्या टाकीत या खुणा समान अंतरावर येतात. शाफ्टसाठी कोपरा कापलेल्या टाकीत त्या येत नाहीत, आणि तिथे काट्याचे अर्धे म्हणजे डिझेलचे अर्धे असे समजणे महागात पडते.

तळाशी मधोमध खळगा आणि त्याला ड्रेन कॉक, म्हणजे साचलेले पाणी काढण्याची तोटी, आहे, आणि त्याला दगड लागू नये म्हणून भोवती पत्र्याचे कडे. पाणी डिझेलपेक्षा जड असल्यामुळे रात्रभर उभ्या ट्रकमध्ये ते खळग्यात उतरते. सकाळी इंजिन सुरू करण्यापूर्वी काचेच्या बरणीत थोडे डिझेल काढून उजेडात धरले, की पाणी असल्यास तळाशी पाऱ्यासारखे वेगळे गोळे फिरताना दिसतात. पाणी आणि डिझेल जिथे भेटतात तिथेच सूक्ष्म जीव वाढतात आणि त्यांचा तपकिरी-काळा बुळबुळीत थर फिल्टर तुंबवतो. बायोडिझेल मिसळलेले इंधन ओल अधिक धरते, त्यामुळे तिथे हे काम रोजचे समजावे. ब्रीदरची नळी केबिनच्या उंचीपर्यंत वर नेऊन तिच्या टोकाला धूळ अडवणारा लहान फिल्टर लावला, म्हणजे ओढ्यातून जाताना पाणी आत ओढले जात नाही, आणि ट्रक उलटला तर डिझेल बाहेर येऊ नये म्हणून तिथे रोलओव्हर व्हॉल्व्हही आहे.

सीमा ओलांडणाऱ्यांनी कायद्याची बाजू टाकी बनवण्यापूर्वीच पाहावी. युरोपीय संघात, उदाहरणार्थ, वाहनासोबत आलेल्या इंधनावर कर न लावण्याची सवलत ‘मूळ टाकी’तल्या इंधनाला आहे, आणि मूळ टाकी म्हणजे उत्पादकाने त्या प्रकारच्या सर्व वाहनांना कायमची बसवलेली टाकी. नंतर बसवलेल्या मोठ्या टाकीविषयी सीमेवर प्रश्न निघू शकतो. वाहन जिथे नोंदलेले आहे तिथली बदलाची परवानगी आणि विम्याची मान्यता कागदावर घेणेही अगत्याचे आहे.

टाकी पूर्ण भरून, सर्व सामान चढवून ट्रक पुन्हा वजनकाट्यावर नेला, तेव्हा दोन्ही ॲक्सलवरचे वजन कागदावरच्या हिशेबाशी जवळजवळ जुळले, आणि त्यानुसार टायरमधली हवा नव्याने ठरवली. खराब रस्त्याचा पहिला लांब टप्पा संपल्यावर पट्टे सैल झाले होते, कारण नवे रबर दबून बसते. ते आवळले, त्यानंतर ते तसेच टिकले आहेत. आता पंप दिसला की आधी मोठ्या टाकीतले जुने डिझेल गाळून मूळ टाकीत घेतो, मग मोठी टाकी भरतो, आणि तिच्यातले पहिले डिझेल पुढच्या सकाळी बरणीत पाहिल्याशिवाय पंपाचे बटण दाबत नाही.